मॅट्रिक पास लेखनिक

मला दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर निम्मा लेख वाचून झाल्यावर कुणीतरी कपाळाला हात लावायचं आणि पुन्हा पहिल्यापासून हळहळत वाचत बसायचं. हळहळ नको. हा लेख माझ्यावर नाहीच. तो शंकर लोणकर नावाच्या माणसावर आहे. या माणसाने खडकीच्या दारूगोळा कारखान्यात उभा जन्म कारकुनी केली, तीसेक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या आणि आमच्या वसतिगृहातल्या आंधळ्या मुलींचे परीक्षेचे पेपर लिहून दिले. तिन्ही कामं त्यांनी सारख्याच निर्विकारपणे केली. त्यांचं शेवटचं पुस्तक मी टाईप केलं. त्यात एक मोठी चूक होती. ती मला कळली आणि तरी मी गप्प बसले. का गप्प बसले हे सांगायचं तर मागे जावं लागेल.

वर्ध्याकडच्या खेड्यातून वडिलांनी मला पुण्यात आणून सोडलं तेव्हा मी अकरावीत होते. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत आमचं वसतिगृह. दर रविवारी सकाळी नऊ वाजता फाटकातून एक सायकल आत यायची. तिचं मागचं मडगार्ड सैल होतं, ते खडखडलं की मुली म्हणायच्या, काका आले. मागोमाग ग्रीसचा आणि कापराचा वास यायचा. ग्रीस कारखान्याचं. कापूर कशाचा, ते मी पुष्कळ वर्षांनी काकूंना विचारलं. खिशात कापराची वडी ठेवली की सर्दी होत नाही अशी त्यांची समजूत होती म्हणे. सर्दी त्यांना बारमाही असायची.

काका आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. संपूर्ण. अग्रलेख, बाजारभाव, ‘हरवले आहेत’, सगळं एकाच सुरात. आवाजात चढउतार म्हणून नाही. मी पहिल्याच रविवारी रजनीच्या, म्हणजे माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या, कानात म्हटलं की हा माणूस लग्नाची पत्रिका आणि मयताची चिठ्ठी एकसारखीच वाचत असेल. त्यांनी ते ऐकलं. वाचन थांबवून म्हणाले, "बातमी माझी नाही. रडायचं की हसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं." आणि पुढची ओळ वाचायला लागले.

रस्त्याने आमच्याबरोबर चालताना ते समोरचं जग सांगत जायचे, पण तेही पंचनाम्याच्या भाषेत. "समोरून एक इसम येत आहे. वय अंदाजे पन्नास. अंगात पांढरा सदरा. उजव्या हातात पिशवी, पिशवीत मेथी." माणूस दिसायला कसा आहे असं विचारलं की काका वैतागायचे. मत नको, पुरावा विचार, म्हणायचे. रजनीने एकदा नवा पंजाबी ड्रेस घातला आणि हौसेने सगळ्यांना विचारत सुटली, कशी दिसते मी? सगळ्यांनी छान म्हटलं. काकांनी सांगितलं, "निळा रंग, पांढरी किनार, डाव्या बाहीची शिवण काखेत चार बोटं उसवलेली." रजनी पाय आपटत खोलीत निघून गेली. मग लक्षात आलं की तो ड्रेस घालून ती आठवडाभर कॉलेजात हिंडत होती आणि डोळे असलेल्या एकाही शहाण्याने तिला शिवण उसवल्याचं सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून कपडा नवा असो की जुना, रजनी काकांकडून पंचनामा करून घेतल्याशिवाय घालायची नाही.

कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. कशाची तपासणी ते सांगायची सोय नव्हती, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवायचा आणि उरलेली वीस मिनिटं कँटीनच्या शेवटच्या टेबलावर कादंबरी लिहायची, हा नेम. कागद पाठकोरे. बाद झालेले छापील फॉर्म साहेब स्वतः बाजूला काढून द्यायचे. त्यात साहेबांचा स्वार्थ होता. काकांच्या पुस्तकात आपला खून व्हावा अशी खात्यातल्या प्रत्येकाची इच्छा असायची, आणि नावात थोडा फरक करून काका ती पुरवायचे. साहेबांचा तीन पुस्तकांत तीनदा मुडदा पडला, आणि तिन्ही वेळा साहेबांनी खात्यात पेढे वाटले.

लिहिलेली प्रकरणं रविवारी आमच्याकडे यायची. वर्तमानपत्र झालं की काका पिशवीतून कागद काढायचे, त्याची खरखर ऐकूनच आम्ही सरसावून बसायचो. शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचायचे आणि विचारायचे, खुनी कोण? नुसतं नाव सांगून चालायचं नाही. कुठल्या प्रकरणात काय पुरावा मिळाला ते सांगायचं. कुणी बरोबर ओळखलं की काका एवढंच म्हणायचे, "गेलं." कागद पिशवीत जायचे, आणि पुढचे दोन महिने कँटीनच्या टेबलावर पुन्हा बसून खुनी बदलायचा. रजनीने त्यांची तीन पुस्तकं अशी मोडली. प्रकाशक तिकडे अप्पा बळवंत चौकात वाट बघतोय, आणि हे इकडे आमच्या पडवीत बसून रजनीशी हुज्जत घालताहेत. फार लाडाचे दिवस होते ते.

आता पेपरांचं. आंधळ्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक घेता येतो. आम्ही सांगायचं, त्याने लिहायचं. नियम असा की लेखनिकाचं शिक्षण आमच्यापेक्षा कमी पाहिजे, म्हणजे पदरचं घालायला नको. काका मॅट्रिक पास. त्यामुळे बारावीपासून एम. ए. पर्यंत कुणालाही चालायचे आणि याचा त्यांना केवढा अभिमान. कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म भरताना छाती पुढे काढून सांगायचे, "मॅट्रिक. पुढे काही नाही." त्यांची सगळी हक्काची रजा मार्च आणि ऑक्टोबरात संपायची. सुमनकाकू म्हणायच्या, लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, आमचे हे भूगोलाच्या पेपरला जातात.

लेखनिक म्हणून त्यांची एक पद्धत होती. प्रश्न एकदा वाचायचे, सांगू ते लिहायचे, आणि उत्तर संपलं की एकदाच पूर्ण वाचून दाखवायचे. त्याच वर्तमानपत्राच्या सुरात. बरोबर असो की चूक, आवाजावरून काही म्हणता काही कळायचं नाही.

बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला माझा इतिहासाचा पेपर होता. मला दुसरा वर्ग हवाच होता, कारण एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघणार होती आणि तिथे पदवीला दुसरा वर्ग मागितला होता. वडिलांना तसं पत्रही घातलं होतं मी. पेपरात वसईच्या तहावर प्रश्न आला. काकांनी तो स्वच्छ वाचला. आणि मी, देव जाणे कुठल्या तंद्रीत, सालबाईच्या तहावर उत्तर सांगायला सुरुवात केली. एकदम फर्डं. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध, त्याची कारणं, परिणाम, काही म्हणून सोडलं नाही. काकांचं पेन सुरुवातीला एक श्वासभर थांबलं होतं. मग चालू लागलं ते शेवटपर्यंत. त्यांनी सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, बरोबर, पुढे.

बाहेर चहाच्या टपरीवर मुलींचं बोलणं ऐकलं आणि पायाखालची जमीन सरकली. काका शेजारीच बशीत चहा ओतत होते. मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं? ते म्हणाले, हो. इतिहास हा त्यांचा आवडीचा विषय, कळणारच.

"मग बोलला का नाहीत?"

"पेपर तुझा होता."

दुसरा वर्ग थोडक्यात हुकला. त्या जागेचा अर्जच करता आला नाही. मी काकांशी बोलणं टाकलं. रविवारी मडगार्ड खडखडलं की मी उठून गच्चीवर जायची. चार शब्द, नुसते चार शब्द त्यांनी सांगितले असते तर काय बिघडलं असतं? कोण बघत होतं? मी रजनीला म्हणायची, हा माणूस पुस्तकात रोज खून पाडतो आणि इथे साधी हळूच सूचना देताना ह्याचा धर्म बुडतो. आत्ता हे लिहिताना मला हसू येतंय, तेव्हा मात्र मी खरोखर जळत होते.

मी एम. ए. ला नाव घातलं आणि कॉलेजातल्या सराव परीक्षेसाठी दुसरी लेखनिक घेतली. बारावी झालेली, चुणचुणीत मुलगी. तिने लिहिलं भराभर. पुढच्या आठवड्यात सरांनी वर्गात माझ्या उत्तराचं कौतुक केलं आणि त्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. सुंदर होता. मी तो सांगितलेला नव्हता. टाळ्या वाजत होत्या आणि मी दुसऱ्याचा ड्रेस घालून सत्काराला आल्यासारखी बसले होते. घरी आले, घरी म्हणजे वसतिगृहात, आणि खडकीला फोन लावला. क्वार्टर्समध्ये शेजाऱ्यांकडे फोन होता. काका आले. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून ‘काका, मी’ एवढंच निघालं. शेवटी त्यांनीच विचारलं, "पेपर कधी आहे?" मी तारीख सांगितली. ते म्हणाले, रजा टाकतो. झालं. तेवढ्यावर आमचं मिटलं.

त्यानंतर पुणं फार वेगाने बदललं. घरोघरी केबल आली, आणि काकांची पुस्तकं ज्या गल्लीबोळातल्या वाचनालयांत फाटेपर्यंत वाचली जायची ती एकेक करून बंद पडली. एका वाचनालयाच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं तेव्हा काका आवर्जून बघून आले आणि आम्हाला पंचनामा ऐकवला. तक्रार नाही केली. मला एका खाजगी कंपनीत टेलिफोनवर काम मिळालं. मग बोलणारे कॉम्प्युटर आले. मी ते शिकले, आणि फिरत फिरत हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत पोचले. वेबसाइट आंधळ्या माणसाला वापरता येते का हे तपासायचं काम. मी काकांना फोन करून सांगितलं की मीसुद्धा तपासणी खात्यात लागले. त्यांना फार आनंद झाला. काय तपासता ते बाहेर सांगू नकोस, म्हणाले.

काका निवृत्त होऊन शहराबाहेर मांजरी गावाला राहायला गेले. इमारत नवी, मागे ऊस. एक दिवस काकूंचा फोन आला की ह्यांना कंपवात झालाय, पेन धरता येत नाही. अर्धी कादंबरी कपाटात पडून आहे. कुणी मागितलेली नाही, छापायलाही कुणी बसलेलं नाही. पण रोज दुपारी कँटीनच्या वेळेला हे कागद घेऊन बसतात, पेन हातात घेतात, आणि वीस मिनिटांनी सगळं उचलून ठेवतात. काकूंच्याने हे बघवत नव्हतं. मी ऐकलं आणि त्याच शनिवारी लॅपटॉप घेऊन मांजरीला गेले.

काकांचा हात हातात घेतला तर तो पाखरासारखा फडफडत होता. मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टा मात्र तसाच होता. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते.

"शिक्षण किती?" त्यांनी विचारलं.

"एम. ए."

"मग तू नियमात बसत नाहीस." मग म्हणाले, "चालवून घेऊ."

कपाटातली प्रकरणं काकूंनी मला वाचून दाखवली, आणि पुढे दर शनिवारी सकाळी काम चालायचं. त्यांनी सांगायचं, मी टाईप करायचं आणि शेवटी कॉम्प्युटरने एकदा वाचून दाखवायचं. त्या यंत्राचं मराठी म्हणजे नुकत्याच दिल्लीहून आलेल्या पाहुण्याचं मराठी होतं, ‘ळ’ त्याला जन्मात जमला नसता. पण काकांना ते फार आवडलं. हा बरा आहे, म्हणाले, मत देत नाही.

कादंबरी अशी होती. दोन म्हातारे भाऊ एका बंगल्यात राहतात. थोरले भाऊसाहेब सहाव्या प्रकरणात हृदयविकाराने जातात. महिन्याभराने धाकट्यावर विषप्रयोग होतो आणि तोही जातो. संशय घरच्या डॉक्टरवर आणि पुरावेही सगळे त्याच्याकडे बोट दाखवणारे. शेवटच्या प्रकरणात तोच खुनी ठरणार, हे मला उघड दिसत होतं. काका संथपणे सांगत होते, मी टाईप करत होते, आणि ते म्हणाले, "तो खून भाऊसाहेबांनी केला होता."

माझी बोटं थांबली. भाऊसाहेबांना जाऊन चार प्रकरणं झाली होती. मी स्वतः त्यांची तिरडी टाईप केली होती. गेले काही आठवडे काका चहा आला का म्हणून दोन-दोनदा विचारत होते, चहा पिऊन झाल्यावरही. मला कळायचं ते कळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या माणसाला आता आपण कुणाला मारलंय हे आठवत नव्हतं.

सांगावं? चार शब्दांचं काम होतं. एक श्वासभर मी थांबले आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. यंत्राने ते दिल्लीच्या मराठीत वाचून दाखवलं. काका म्हणाले, बरोबर, पुढे.

परत येताना बसमध्ये मला रडू फुटलं. नियम पाळला म्हणून मी गप्प बसले की वसईच्या तहाचा सूड उगवला? प्रामाणिकपणे सांगते, थोडा सूडही असेल. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. हे असंच राहिलं तर शेवटचं पुस्तक वाचून लोक हसतील. आणि मी दुरुस्त केलं तर ते त्यांचं राहणार नाही, हे मला त्या टाळ्यांच्या वर्गापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. लगेच ये म्हणतात. मी धावतपळत गेले. काका खुर्चीत बसले होते, आवाज खणखणीत.

"भाऊसाहेब सहाव्या प्रकरणात गेले."

"हो."

"तुला माहीत होतं."

"हो."

"बोलली नाहीस."

"पेपर तुमचा होता, काका."

मग खुर्ची करकरायला लागली, तेव्हा समजलं की ते हसताहेत. पोटभर हसले, खोकले, काकूंनी पाणी दिलं. मग म्हणाले, लिही. आणि तीन तास सलग सांगत राहिले. भाऊसाहेबांनी मरण्याआधी धाकट्याच्या चूर्णाच्या बाटलीत तळाशी विष घालून ठेवलं होतं. धाकटा रोज एक चमचा घ्यायचा. तळ लागेपर्यंत महिना गेला, तोवर घालणारा स्वतःच्या मरणाने मरून गेला होता. मेलेल्यावर कोण संशय घेणार? डॉक्टर बिचारा सुटला. मी आदल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर काकांनी नाव बदलून डॉक्टरला फाशी दिली असती आणि पुस्तक चारचौघांसारखं झालं असतं.

त्या दिवशी काका थकून आत पडले होते आणि काकू मला पोळी वाढत होत्या. सहज बोलून गेल्या की खात्यात वरच्या जागेला पदवी लागायची, बाकीच्यांनी बाहेरून बी. ए. करून घेतलं, साहेबांनी ह्यांनाही दोनदा फॉर्म आणून दिला. ह्यांनी भरला नाही. बी. ए. झालो तर मुलींच्या पेपरला बसता येणार नाही, म्हणाले. मी पोळी तशीच हातात धरून बसले. इतक्या वर्षांत हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. ‘मॅट्रिक, पुढे काही नाही’ हे ते छाती काढून का सांगायचे, ते मला त्या दुपारी कळलं.

पुस्तक आम्ही जुन्या रिवाजाप्रमाणे वसतिगृहातच वाचलं. मुली नव्या होत्या, पडवी तीच. रजनी आता नागपूरला शाळेत शिकवते, ती मुद्दाम आली. शेवटचं प्रकरण सोडून सगळं वाचलं आणि विचारलं, खुनी कोण? सगळ्यांनी डॉक्टर सांगितलं. रजनीनेही, तीन पुराव्यांनिशी. मी दुसऱ्याच दिवशी मांजरीला जाऊन काकांना ही बातमी दिली. रजनीसुद्धा? त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विसरले म्हणून नव्हे, पुन्हा ऐकायचं होतं म्हणून.

निघताना ते हट्टाने काठी टेकत खाली फाटकापर्यंत आले. मागच्या उसात वारा होता. मी रिक्षात बसले. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं, काका, माझा पंचनामा करा.

"एक महिला," त्यांनी सुरुवात केली. "वय अंदाजे पस्तीस. अंगात जांभळा ड्रेस, ओढणीचं टोक रिक्षाबाहेर लोंबतंय, आत घे. खांद्याला काळी पिशवी. हातात पांढरी काठी." मग थांबले. "चेहरा चांगला आहे."

मी म्हटलं, "काका, हे मत झालं."

"हो. पुरावा नाही. लिहून घे."

रिक्षा निघाली. पुढच्या शनिवारच्या आत काका गेले.

लिहून घेतलंय काका, सांगितलंत तसं.